अक्कलदाढेला जागा नाही

—नाही, दुखणार नाही, ओठाला मुंग्या आल्यात ना, मग झालं तर. आ कर, बाळ. अजून मोठा. आडवी झोपलीय बघ तुझी अक्कलदाढ, शेजारणीला ढुशा देत. तिची चूक नाही, जबडाच आखूड. का आखूड? आपल्या पूर्वजांना विस्तव सापडला — कंद म्हण, मांस म्हण, दिवसभर कच्चं चावत बसायचे, ते भाजून खायला लागले — चावणं संपलं, जबडे आटले, आतडी आखडली, आणि उरलेली ताकद म्हणे डोक्याला मिळाली. माझ्या लेकीला हेच सांगतो मी — आता नुसता दाब जाणवेल, हात खाली — तुझ्याच वयाची आहे, वर्ष झालं, शिजवलेलं काही खात नाही. जनावरं कुठे शिजवतात, म्हणते. म्हटलं, अगं, आपलं पोट आता जनावराचं राहिलं नाही, नुसत्या कच्च्यावर ते भागत नाही. तर हसली. हिरड्या दिसल्या — दंतवैद्यापासून काय लपतंय — पांढऱ्याफटक. पाळीही बंद झालीय, ते तिच्या आईकडून कळलं, मला कोण सांगतंय.

गॅस पेटला की उठून खोलीत जाते, दार लावते. म्हणून आम्ही गॅसच पेटवेनासे झालो — काय करणार, निदान सोबत बसेल तरी. बसते. तिघं गाजरं-काकड्या चावत बसतो, बोलत कुणीच नाही, तोंड रिकामं असेल तर ना. हा आवाज येतोय ना कडकड, तसाच येतो — घाबरू नकोस, सुटतेय ती. इथे मागच्या खोलीत शेगडी ठेवलीय मी. दुपारी अंडं उकडून खातो, दार लावून, चोरासारखं — आणि घरी जाण्याआधी दात घासतो. हे तुला का सांगतोय मी? काल जिन्यात पडली ती. उचलली मी. शाळेत होती तेव्हा याहून जड लागायची. उद्या दवाखान्यात भरती, नाकातून नळी घालणार — तिला अजून माहीत नाही, आज घरी गेल्यावर मीच सांगायचंय. त्याआधी एक घास गरम खाल्ला तर टळेल, असं आपलं मला वाटतं. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत.

हं, निघाली. तू सांग — तुझ्या बापानं काय म्हटलं असतं तर तू खाल्लं असतंस?

नको, बोलू नकोस, रक्त येईल. हा बोळा चावून धर, अर्धा तास तोंड उघडायचं नाही. मानसुद्धा हलवू नकोस, म्हटलं ना. जा, बाहेर आई थांबलीय तुझी.