प्रायश्चित्ताला टाळ्या

ज्यांनी कोणी त्या रविवारी टाळ्या वाजवल्या ना, त्यांनी त्या आधी परत घ्याव्यात! नाव नाही घेत मी कुणाचं, घेणारही नाही, ज्यांचे तळहात अजून लाल आहेत त्यांना बरोबर कळेल... अहो, समोरचं माणूस गप्प का बसलंय, त्याची दाढ दुखतेय का, घसा बसलाय का, काही चौकशी नाही, आणि एकदम उभं राहून टाळ्या? "केवढा हा नम्रपणा!" म्हणे. नम्रपणा! माझा! आमच्या आईला विचारा, हसून हसून खुर्चीवरून पडेल ती.

नाही, तुम्हाला पहिल्यापासूनच सांगते, नाहीतर तुम्हीही वाजवाल.

आमच्या चर्चच्या मागे एक खोली आहे. फादरांचे मिस्साचे, म्हणजे रविवारच्या उपासनेचे, झगे तिथे टांगलेले असतात, हिरवे, जांभळे, पांढरे, आणि त्या कापडांमुळे आवाज अजिबात घुमत नाही. त्या खोलीत, रविवारची मिस्सा संपली की, 'बोलूया का?' नावाचा कार्यक्रम सुरू केला कुणी? मी! श्रद्धा, संस्कृती, वंश आणि राजकारण, म्हणजे ज्या विषयांवर घरात तोंड उघडलं की आई भांडी आपटायला लागते, नेमक्या त्याच विषयांवर कॅथलिक माणसाने कॅथलिक म्हणून मोकळेपणी बोलायचं, हवं तर भांडायचं, आणि शेवटी एकत्र प्रार्थना करून उठायचं. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि सगळ्यांना पाठवायचं. वर्षभर मी त्या झग्यांमध्ये उभी राहून घसा फोडत होते हो! आणि श्रोते कोण? बाबा, जे माझ्या दुसऱ्या वाक्याला घोरायचे. ऑर्गन वाजवणारे काका, ज्यांना घरी जायची कधीच घाई नसते, कारण घरी काकू असतात. हेडबाई, ज्या शाळेतून निवृत्त झाल्या पण आवाजातली पट्टी त्यांनी अजून खाली ठेवलेली नाही. आणि फादर, कारण खोलीची किल्ली त्यांच्याकडे. एवढी माझी जनता! पण माझी होती ना?

मग दादाने लग्न केलं.

दादा इस्पितळात एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करतो, आणि तिथे दुखरे खांदे आणि गुडघे हलवून देणारी एक होती, लांबच्या देशातून आलेली, कृष्णवर्णीय, उंच, आणि हसली की शेजारच्या वॉर्डातले पेशंट बरे व्हायचे म्हणे. दादाचा खांदा दुखायला लागला. आता तुम्हीच सांगा, एक्स-रेवाल्याचाच खांदा महिनोन्‌महिने दुखतो आणि एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणजे काय ते समजायला नको? तर ती झाली आमची वहिनी. मला आनंदच झाला! खरंच झाला! मनात म्हटलं, चला, वंश या विषयावर आता आपल्याला घरचीच पाहुणी मिळाली.

तिथे चुकलं माझं. मी तिला कार्यक्रमाला बोलावलं.

मी आधी प्रस्तावना केली. चांगली सणसणीत. बाबा घोरले. मग वहिनी उठली, आणि आपली भाषा ती सावकाश बोलते, शब्द हातात घेऊन वजन करून ठेवल्यासारखा, आणि म्हणाली, "मिस्सात शांतीचं अभिवादन करताना तुम्ही एकमेकांकडे बघून नुसती मान हलवता. माझा हात मात्र दोन्ही हातांनी धरता, आणि सोडतच नाही. मला छान वाटतं. पण मी अजून पाहुणी आहे का? पाहुणीला चहा मिळतो, कपाटाची किल्ली मिळत नाही."

बस. एवढंच! माझी प्रस्तावना त्याच्या दसपट लांब होती! पण बाबा जागे झाले. नुसते जागे नाहीत हो, पुढे सरकून बसले, कानामागे हात! जन्मदात्या बापाने माझ्यासाठी कधी कानामागे हात लावला नाही. हेडबाईंनी डोळे पुसले, आणि ऑर्गनवाले काका म्हणाले, "पुढच्या रविवारीही यांनाच बोलवा."

आणि मी काही बोलले का? नाही बोलले. गप्प बसायचं प्रायश्चित्त तेव्हा मिळालंही नव्हतं, तरी नाही बोलले.

मग सुरूच झालं. राजकारणाच्या रविवारी बाबा आणि ऑर्गनवाले काका निवडणुकीवरून एकमेकांच्या अंगावर धावायच्या बेतात, मी मधे उभी राहून दोघांना संवादाचं महत्त्व समजावतेय, कोण ऐकतंय? वहिनी म्हणाली, "बाबा, आधी काकांचं म्हणणं तुम्ही सांगा. काका 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणाले, की मग तुमचं सांगा." बाबांनी प्रयत्न केला. काका म्हणाले, "छे, असं नाही." बाबांनी परत केला. अर्धा तास लागला, आणि शेवटी काका "हो" म्हणाले तेव्हा दोघंही विसरले होते भांडण कशाचं! आणि मग हेडबाईंनी तिला विचारलं, तोंडभर कौतुकाने, "लग्नासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागला असेल ना गं? जड गेलं का?" माझे कान तापले! काय हा प्रश्न! मी उत्तर द्यायला श्वास घेतला, तोवर वहिनी हसत म्हणाली, "बाप्तिस्मा माझ्या पणजीचाही झाला होता, बाई. जड गेलं ते तुमच्या या नवरदेवाला. लग्न ठरलं तेव्हा मिस्साची वेळ तो मला विचारत होता." रेकॉर्ड करणारा दादा फोनमागे लपला. बाबा इतके हसले की झग्यांचा दांडा हलला. ज्या दादाला चर्चला आणायला मी घरात सत्याग्रह केला होता, त्याला हिने खांदा धरून आणला! अक्षरशः!

खोली पुरेना. कार्यक्रम सभागृहात गेला. जिना उतरताना लोक मला थांबवायचे, मला वाटायचं आता माझ्याबद्दल काहीतरी... "वहिनी आल्यात ना?"

आणि यातली खरी पंचाईत ऐका. हे कुणाला सांगायची सोय नाही! मला हिचा मत्सर वाटतो म्हटलं, की लोक लगेच, "अच्छा... रंगामुळे का?" अहो, रंगामुळे काय! वंशभेदाविरुद्ध या चर्चमध्ये पहिलं भाषण मी केलंय, ती यायच्या आधी, म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांच्यातलं कुणीसुद्धा हजर नसताना केलंय! मी हिचा मत्सर करते तो दुसऱ्या कुणाचाही करीन तसाच, पूर्ण समानतेने करते!

शेवटी कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला, गेले. जाळीपलीकडे आमचेच फादर. म्हटलं, "मला एका व्यक्तीचा मत्सर वाटतो." फादर म्हणाले, "हं." मी म्हटलं, "ती चांगलं बोलते." ते म्हणाले, "हं." मी म्हटलं, "आता बिशपांच्या कार्यालयातून एक ज्येष्ठ फादर येणार आहेत आमचा कार्यक्रम बघायला, आजूबाजूच्या सगळ्या चर्चमधून लोक येणार, आणि त्या दिवशी सूत्रसंचालनाच्या खुर्चीवर ती नको, मी हवी. वर्षभर त्या खुर्चीसाठी राबलेय मी." मला वाटलं दहा वेळा 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणायला देतील, उभ्या उभ्या म्हणून टाकीन. तर म्हणाले, "तुझं प्रायश्चित्त म्हणजे, ती खुर्ची तिला दे. आणि त्या दिवसापर्यंत कार्यक्रमात तू फक्त ऐक."

फक्त ऐक! मला! मी म्हटलं, "फादर, याऐवजी उपवास चालेल का?" नाही म्हणाले.

झालं. खुर्ची दिली. माइक दिला. सभागृहात मागच्या रांगेत, पाण्याच्या कळशीशेजारी जाऊन बसले, आणि मी गप्प. काका चुकीचं बोलले, मी गप्प. हेडबाईंनी संस्कृती म्हणजे स्वच्छता असं सांगितलं, मी गप्प, दातांखाली ओढणी. आणि काय झालं असेल? लोक भारावले हो! "बघा, स्वतः सुरू केलेला कार्यक्रम, आणि कशी मागे बसते!" "हल्लीच्या मुलींत कुठे असतं हे?" आईने घरी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. ऑर्गनवाले काका थेट फादरांकडेच गेले, "तुम्हीच समजावलंत वाटतं हिला?" आता कन्फेशनमधलं फादर जन्मात कुणाला सांगू शकत नाहीत. हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही, नुसती मान हलवली तरी पंचाईत! फादर छताकडे बघून म्हणाले, "हा पंखा आज फार आवाज करतोय." पंखा बंद होता!

आणि तो रविवार आला. सभागृह खचाखच. पाहुणे फादर पुढे, वहिनी खुर्चीत... माझ्या खुर्चीत... आणि काय बोलली, काय बोलली, मला एकही चूक काढता आली नाही, काढायला बसले होते तरी! शेवटी पाहुण्या फादरांनी विचारलं, "ही कल्पना मुळात कुणाची?" वहिनी उभी राहिली, थेट कळशीकडे बोट. "माझ्या नणंदेची. मी या घरात नवी होते, मला कुणी ओळखत नव्हतं, आणि हिने आपण होऊन आपली खुर्ची मला दिली. इतकं माझ्यासाठी या देशात कुणी केलं नाही."

आणि वाजल्या टाळ्या. उभं राहून! बाबा रडताहेत! बाबा! फादर जमिनीवरच्या फरशा बघताहेत. आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी माझं लक्ष वहिनीकडे नव्हतंच. ज्या मुलीसाठी सगळे टाळ्या वाजवत होते, ती नम्र, मोठ्या मनाची, आपण होऊन देणारी मुलगी... मला तिचा मत्सर वाटायला लागला! माझ्या नावावर फुकटचा भाव खात होती हो ती!

मला नाही सहन झालं. मी उठले. म्हटलं, "आपण होऊन नाही! प्रायश्चित्त आहे ते! मला हिचा मत्सर वाटतो, भयंकर वाटतो, ही बोलली की माझे बाबा जागे होतात म्हणून वाटतो, आणि ते मी कन्फेशनला सांगितलं आणि मला शिक्षा झाली! नका वाजवू!"

आईने पदराने तोंड झाकलं. फादरांनी पहिल्यांदाच वर बघितलं, सुटल्यासारखं. आणि मी वहिनीकडे बघितलं तर तिचा चेहरा... नाही, ते नाही विनोदी. उतरला होता चेहरा. माझ्या मनात आलं, संपलं, आता ही पुन्हा पाहुणीच होणार आमच्या घरात, आणि या वेळी माझ्यामुळे.

ती माइक टेबलावर ठेवून मधल्या वाटेने चालत आली, सगळ्यांदेखत, माझ्यासमोर उभी राहिली, आणि म्हणाली, "माझा मत्सर? अगं वेडे, तू अर्धं वाक्य बोलतेस आणि अख्खं घर हसतं. मला प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत बोलावं लागतं. मी रोज जळते तुझ्यावर." आणि माझा हात धरला. दोन्ही हातांनी नाही. एकाच हाताने, जरा ओढूनच, आईने बाजारात धरावा तसा.

मी रडले. हो, रडले! आणि घरी येऊन बघते तर काय, दादाने सगळं रेकॉर्ड करून पाठवलेलं, आणि सगळीकडे फिरतंय काय? माझी कबुली? एवढी हिमतीची? छे! वहिनीचं वाक्य! "मला प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत बोलावं लागतं." लोक पुढे पाठवताहेत, हात जोडताहेत, हेडबाईंनी तर स्वतःच्या फोटोखाली लिहून टाकलंय! म्हणजे मत्सर माझा, फजिती माझी, आणि गाजलं कुणाचं?

परत तोच मत्सर. काय करणार? शनिवारी संध्याकाळी पुन्हा कन्फेशनची रांग धरली. माझ्यामागे वेदीवरची फुलं बदलणाऱ्या आजी उभ्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि हळूच कोपराने बाजूला सारत म्हणाल्या, "पोरी, तू जरा मागे हो. तुझी पापं सगळ्यांनी ऐकलीत, आमची अजून सांगायची राहिलीत."