मान हलवली की मान्य

— अहो काका, हळू! बहिरे तुम्ही आहात, मी नाही. समोरचा इस्त्रीवाला दचकून बघायला लागला बघा. किती वेळ लागेल म्हणता? एवढा — चहा पिऊन होईल एवढा. चहा. कप, कप! हां. बसा तिथं खुर्चीत, आरशासमोर, मी इकडे टेबलाकडे तोंड करून बसते. पाठ केली म्हणून राग मानू नका. पाठ केल्याशिवाय मला नीट काम करता येत नाही आणि — खरं सांगू? — नीट बोलताही येत नाही. तुमच्यासारख्यांकडे तोंड करून बोललं की तुम्ही ओठांवरून चार शब्द उचलता, चौदा मनाचे घालता आणि भलतंच काहीतरी घेऊन घरी जाता. पाठ फिरवली की कसं, भिंतीशी बोलल्यासारखं. सवयच लागलीये मला. मशीन कानातून निघून माझ्या टेबलावर आलं की माणूस गेला — म्हणजे बसलेला असतो, पण कानांनी गेलेला — मग मी बोलत सुटते. नवऱ्याशी बोलत नाही एवढं गिऱ्हाइकांशी बोलते. त्याला ऐकू येतं ना, म्हणून!

ऐकलंत? तुम्ही कसलं ऐकताय. तुमच्या मशीनमधली बाई बोलली आत्ता, ‘नवीन अटी आपल्याला मान्य आहेत का?’ काय गोड आवाज आहे मेलीचा. मशीन स्वतःच्या तोंडानं विचारतं, आणि कधी विचारतं? — कानातून काढून माझ्या वायरला लावलं की! आता मला सांगा, ज्याला विचारायचं त्याचा कान टेबलावर, त्याला ऐकू कसं येणार? कंपनीला कळत नाही हे? चांगलं कळतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी वरच्या साहेबांना फोन केला होता, म्हटलं साहेब, बहिऱ्या माणसाचं मशीन काढून त्यालाच प्रश्न विचारला जातोय. तर साहेब काय म्हणाले — ताई, तुम्ही आहात ना तिथं? त्यांच्याकडे बघून विचारा. मान हलवली की मान्य. फोन बंद. आणि मान तर तुम्ही सगळे हलवताच हो. ऐकू न येणाऱ्याची रीतच ती, समोरचा काय म्हणाला कळलं नाही की हसायचं आणि मान डोलवायची, सारखं सारखं ‘काय म्हणालात?’ विचारायची लाज वाटते ना. मी म्हटलं ऊन पडलंय — हो. मी म्हटलं तुमच्या घराला आग लागलीये — हो हो. आणि मी बटण दाबते. मान्य. अख्ख्या वस्तीचं मान्य मी दाबलंय काका, या एका बोटानं.

आधी असं नव्हतं. आधीची कंपनी लहान होती, मशीनं बेताचीच, शिट्ट्या मारायची, पण बिघडलं तर बिघडलंय हे कळायचं तरी. मागच्या खोलीत मावशी बसायच्या — आठवतात ना तुम्हाला, चष्म्यावर चष्मा लावून डाग द्यायच्या वायरींना? त्या खोलीला नेहमी डागाच्या धुराचा वास असायचा, आणि वर त्यांचा रेडिओ. मग मोठ्या कंपनीनं लहान कंपनी विकत घेतली, आणि सगळ्यात आधी काय केलं, तर मागची खोली बंद. दुरुस्ती नाही. मशीन सीलबंद, उघडलं की मेलं, नवीन घ्या. मावशींना कामावरून काढल्याचा निरोप फोनवर आला, तोही कोणाच्या आवाजात, तर ह्याच गोड बाईच्या! मावशी फोन हातात धरून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, अगं, ही तर मला मान हलवायलाही वेळ देत नाहीये. आम्ही दोघी हसलो. हसलो, आणि मग मावशींनी चष्मे दोन्ही पिशवीत टाकले, एक मला डबी दिली आणि गेल्या. डबी म्हणजे आपलं ते जुनं खिशातलं मशीन हो, वायर कानाला, सेलवर चालणारं. त्यांनी स्वतः नीट केलेलं. इथं खालच्या खणात आहे. जे ऐकतं ते तुमच्या कानात ओततं, बाकी जगात कुणाला काही सांगत नाही. बिचारं.

काय? झालं का? नाही नाही, बसा. आणि आरशात काय बघताय सारखं? छान आहेत केस, आहेत तेवढे! काकू म्हणतात ते खोटं नाही, तुमचा आरसा सुटत नाही. गोड आहेत हो काकू. मागे आल्या होत्या तेव्हा सांगत होत्या, यंत्रमागांच्या शेडमध्ये दोघं कामाला, कानाशी बोललं तरी ऐकू येऊ नये असा खडखडाट, आणि या माणसानं लग्नाचं विचारलं तेही तिथंच, शेडच्या त्या टोकावरून — काय विचारलं देव जाणे, मी आपली मान हलवली आणि जन्माची अडकले! इतकं हसल्या, इतकं हसल्या की खोकला लागला. केवढ्या खोकल्या. तेव्हाच मला — जाऊ दे.

नाही, जाऊ दे कसं? तुम्ही सुनेशी बोलत नाही म्हणे. काकूच म्हणाल्या. काकूंचा विमा नाकारला, पत्रात लिहिलं की जुना खोकला लपवलात, आणि तुम्ही म्हणालात घरातलं बाहेर सांगणारी ही एकच. सून. तिनं डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली तरी तुम्ही तिच्या हातचा चहा बंद केलात. काका, सांगणारी ती पोर नव्हे हो. अहो, तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही. तुमच्या कानानं सांगितलं. हे, हे जे माझ्या टेबलावर पडलंय ना बोराएवढं, यानं! फुकट बदलून दिलं तेव्हा सांगितलं होतं ना, मशीन शिकतं म्हणून? काय शिकतं, तर घरातले आवाज. पंखा कोणता, भांडं कोणतं, माणूस कोणता. मला दिसतं पडद्यावर तपासताना. तुमच्या घरचं पान उघडलं तर लिहिलेलं — खोकला, दुसरी व्यक्ती, स्त्री, वाढता. वाढता! मी वाचलं आणि पान बंद केलं. ते कुणाला जातं, कुठं विकलं जातं, आम्हाला सांगत नाहीत, पण काकूंना विम्याचं पत्र आलं तेव्हा मला कोडं पडलं नाही. तुम्हाला पडलं. तुम्ही सुनेकडे बोट दाखवलंत आणि मी इथं तुम्हाला बसवून कान साफ करून दिला, वर म्हटलं, तब्येतीला जपा.

मी तरी काय करणार? दुकान माझं, पाटी त्यांची. पाटी उतरवली की कोण येणार इथं, सरकारी मदतीतून मशीन मिळतं ते त्यांच्याच पाटीखाली. आणि आता तर ठरायचंय की सगळ्यांना मदतीत हेच द्यायचं, शाळेतल्या मुलांनासुद्धा, की नाही द्यायचं. त्यासाठीच ती समिती, त्यासाठीच सुनावणी. बहिऱ्यांची सुनावणी! ज्यानं नाव ठेवलं त्याच्या तोंडात साखर. उद्या तुमची पाळी ना? नीट कपडे काढून ठेवलेत, काकू म्हणाल्या. तुम्हाला समितीला विचारायचंय की माझ्या बायकोचा खोकला त्यांना कुणी सांगितला. विचारा. विचाराल हो तुम्ही — पण उत्तर ऐकू यायला हवं ना.

कारण हे जे मी आत्ता करतेय ना, हे अपडेट — हे काय आहे माहितीये? साहेबांचा निरोप आला, सुनावणीला ज्यांना बोलावलंय त्यांची मशीनं आधी बोलावून घ्या, खास सेवा आहे. मला वाटलं, चला, चांगलं दिसावं म्हणून करत असतील. पहिल्या आल्या त्या पोस्टातल्या बाई. फटकळ, जिभेला हाड नाही, मला वाटलं या समितीची सालटी काढणार. मी केलं त्यांचं अपडेट, पाठवलं. काल फोनवर बघत होते मी ती सुनावणी. समितीतले विचारतायत, बाई, तुमची काही तक्रार आहे का? आणि या हसतायत. गोड हसतायत! हात कानामागे नेतात, पुन्हा हसतात. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही समाधानी आहात? तर मान हलवली. मशीनमुळे घरातलं काही बाहेर गेलं असं तुम्हाला वाटत नाही ना? मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं — वापरणाऱ्या समाधानी. मी इथं याच स्टुलावर बसले होते. या अपडेटनंतर पत्र्याच्या डब्याच्या तळातून आल्यासारखे आवाज येत असणार बाईंना, घरात दोघातिघांत चालून जातं ते, पण मोठ्या खोलीत, लांबून, माइकवर — काही म्हणजे काही कळत नसणार. आणि न कळलं की तुम्ही लोक काय करता? तेच.

साहेबांना विचारणार होते मी. फोन हातात घेतला आणि ठेवला. मुलीच्या शिक्षणाचं वर्ष आहे हो — असं मी स्वतःला सांगितलं. आणि आज तुम्ही आलात, तर तुमचंही लावलं वायरला, गुपचूप. अजून वेळ आहे तसा, मधेच काढलं तर — पण काढलं की त्यांना कळतं. मला काय वाटत होतं सांगू, ती मावशींची डबी तुमच्या पिशवीत टाकावी, कानात मात्र हे घालून पाठवावं, म्हणजे तिकडे सगळं ठीक दिसेल, आणि उद्या तुम्ही आत जायच्या आधी — छे. तुम्हाला हे समजावून कसं सांगणार? लिहून दिलं तर तो कागद उद्या समितीपुढे काढाल. भोळे आहात तुम्ही. आणि मी भित्री.

हं, झालंच. आता पडदा — हे काय? ‘आवाजाचा नमुना पुरेसा मिळाला. धन्यवाद.’ कुणाचा नमुना? तुम्ही तर मघापासून धड दोन शब्द बोलला नाहीत. आणि हा दिवा हिरवा कसा? वायरला लावलं की मशीन झोपतं, असंच शिकवलंय आम्हाला, वायरला लावलं की — ‘नवीन आवाज ओळखला.’ खाली माझं नाव आहे. काका. इथं माझं नाव आहे.

मघापासून हे — सगळं? मावशींचं, साहेबांचं, खण —

काका, तुम्ही असे काय बसलाय? डोळ्याला पाणी का आलंय? काय बघताय आरशात, तिथं काय — अगं बाई. माझं तोंड दिसतंय. पाठ तुमच्याकडे आणि तोंड आरशात. नाही, एवढं सगळं कसं कळेल, चार शब्द कळतात फार तर — शेड. मागांची शेड. तिथं सगळे ओठांवरच बोलायचे ना? या टोकाचा त्या टोकाला. तुम्ही काय विचारलंत ते काकूंनी ऐकलं नव्हतं, वाचलं होतं. आणि तुम्ही — तुम्ही आज एकदाही मान हलवली नाहीत. आल्यापासून एकदाही नाही, आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

सुनेचं कळलं ना? रडू नका. थांबा. आरशात नको. इकडे. माझ्या ओठांकडे बघा.

—

—

—

झालं हं काका! एकदम नव्यासारखं झालं मशीन! हां, बाई विचारतेय — ‘नवीन अटी आपल्याला मान्य आहेत का?’ — मान्य, मान्य, हे दाबलं बघा. घाला कानात. येतंय ना ऐकू छान? येतंय, येतंय, चेहऱ्यावरूनच दिसतंय! आणि पिशवी इकडे द्या, मी धरते. ही रिकामी डबी घेऊन जा, मशीन ठेवायला, कंपनीकडून भेट. काठी विसराल. पायरी बघून उतरा. काकूंना नमस्कार सांगा, आणि सुनेला सांगा, चहा —

फोन वाजतोय. वाजू दे. या तुम्ही. अहो, जा ना आता, वळून बघत उभे राहू नका, जा!

हॅलो? हो साहेब. नाही, दुकानात कुणी नाही, आत्ताच गेले ते. झालं त्यांचं, सगळं नीट झालं. कोण, मी? स्वतःशीच बोलत होते, साहेब, सवय आहे मला. नाही हो, कुणाला काय सांगणार, त्यांना कुठं ऐकू येतं.

डबी? कुठली डबी, साहेब?