शिखरावरचे शिंपले

तळवलीच्या स्टॉपवर पायल बसची वाट पाहत होती. बाकावर शेजारी एक वयस्कर नवरा-बायको बसले होते.

“गोजरा, ट्रेकवाल्यांचा फोन आलता. यंदा शिखरावरचा बरफ लय वितळला. त्यात गाडलेला आपला प्रीतम दिसला त्यांना.”

“तीन वरसांनी? कसा हाय?”

“तसाच. तिथल्या थंडीत देह कुजत नाय. खाली आनायचा का, इचारतान.”

“कोन आनील?”

“तिथलीच चार पोरं. पन वर हवा इरळ, श्वास पुरत नाय. वारा सुटला का उभा मानूस फेकून देतो.”

“त्या पोरांना आया असतील ना?”

“असतील.”

“प्रीतम सांगायचा, तिथल्या दगडात शिंपले घावतात.”

“व्हय. आदी तिथं दर्या होता. त्याचा तळ उचलून डोंगर झाला.”

“मंग राहू दे त्याला. दर्यावरच्या पोराला ती जागा परकी नाय. लावा फोन.”

बस आली, पण पायल उठली नाही.

फोन लागला. पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ ऐकू येत होतं. गोजराबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

“मी प्रीतमची आय बोलते. वर कोनाला धाडू नका.”