जिंकणाऱ्याचा फेटा

बाबा गेल्यावर मी पहिल्यांदाच एकटी राजूरला निघाले होते. बसमध्ये पुढच्या सीटवर एक म्हातारा आणि त्याचा पहिलवान मुलगा बसले होते.

“अण्णा, जालन्यातली ती कुस्ती टीव्हीवरल्यासारखा नाटकी खेळ व्हता, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं व्हतं. मी हरणारच व्हतो.”

“मंग? हरलास की.”

“पण जिंकणारा खेळातला खलनायक व्हता! त्याच्यासाठी आणलेला पंक बँड गिटारी बडवत किंचाळून राह्यला, लोक त्याला शिव्या देऊन राह्यले, आन् तुम्ही रिंगमधी चढून त्याला फेटा बांधला!”

“जिंकणाऱ्याला बांधतेतच. जत्रंत बी बांधतेत.”

“तो तुमच्या पाया पडला. त्याचा सगळा दरारा गेला.”

“चांगल्या घरचा हाय.”

“पुढच्या खेळाला बिलकुल येऊ नका.”

“न्हाई येत.”

राजूर जवळ आलं. मग मुलगा म्हणाला, “पुढच्या खेळाला मी जिंकणार हाय.”

“मंग आधी सांगायचं ना. राजुरात उतरून फेटा घेऊ.”