दुसरं बटण

लेक: बाबा, टीव्ही जरा बंद करता? परत विचारते. मोजायच्या आधी झाडाला पट्टा रंगवायचात ना, तो नेमका किती उंचीवर?

बाप: अगं, छातीच्या उंचीवर. सगळीकडे तिथेच घेर मोजतात. एवढं शिकलीस आणि हे मला विचारतेस?

लेक: छाती कोणाची?

बाप: कोणाची म्हणजे काय? आल्यापासून बघतोय, तोंड उतरलंय तुझं. झालंय काय ते सरळ सांग.

लेक: झोप नाही झाली. टेकडीवरच्या पाइनचं मॉडेल उद्या द्यायचंय. तुम्ही दरसाल घेतलेले घेर, मग तुम्ही निवृत्त झाल्यावर नव्या माणसाने घेतलेले. त्यावरून झाडं पुढे किती वाढतील त्याची रेघ काढायची. तुमच्या काळात रेघ छान वर चढते. तुम्ही घरी बसलात आणि धाडकन खाली. काही झाडं तर चक्क बारीक झालीत.

बाप: झाड कधी बारीक होतं होय? वाळेल, मरेल. बारीक नाही होत.

लेक: तेच तर. पण वनखात्यातले आमचे साहेब म्हणतात, मुळांना रोग लागलाय, नाहीतर अशी एकदम घट कशाने येणार? उद्या माझा अहवाल गेला की अख्खी टेकडी तोडून साफ करणार.

बाप: अख्खी? अगं, आम्ही लावलीय ती. तुझी आई डोक्यावर रोपं घेऊन चढायची.

लेक: माहितीय. म्हणून विचारतेय, छाती कोणाची?

बाप: मापाची एक काठी होती. तिच्यावरून पट्टा मारायचा. एकदा सहज अंगाला लावून बघितली, तर माझ्या शर्टाचं दुसरं बटण आणि काठीचं टोक तंतोतंत. मग कोण ती काठी वागवत चढ चढतंय? पाइनची साल गळते, रंग राहत नाही, म्हणून दरसाल नव्याने मारावा लागायचा. झाडाला चिकटून उभं राहायचं, बटणापाशी ब्रश टेकवायचा. पोरं हसायची. हसू देत.

लेक: आणि पाठ?

बाप: पाठीचं काय मध्येच?

लेक: वरच्या फळीवरचे डबे आता मी काढून देते तुम्हाला. पूर्वी तुम्ही मला द्यायचात.

बाप: वय झालं. कुणाचं होत नाही?

लेक: काल टेकडीवर जाऊन आले. नव्या माणसाचा पट्टा तुमच्या शेवटच्या पट्ट्याच्या वीतभर वर आहे. काही झाडांवर तुमच्या जुन्या रंगाचे डाग उरलेत, एकाखाली एक. तुम्ही वाकत गेलात, बटण खाली येत गेलं. बुंधा खाली जाडच असतो, बाबा. झाडांची वाढ दाटीमुळे कधीचीच मंदावली होती, पण पट्टा खाली सरकत होता म्हणून घेर वाढलेला दिसायचा. नव्या माणसाने काठी लावून मोजलं आणि सगळी तूट एकदम उघडी पडली. रोगबिग काही नाही. थोडी झाडं काढून विरळ केलं की बाकीची तरतील.

बाप: म्हणजे माझं माप खोटं.

लेक: खोटं कोण म्हणतंय. खाली सरकलेलं.

बाप: लोकांच्या तोंडी खोटंच होणार ते. तो नवा माझ्या हाताखाली शिकला. त्याच्यासमोर माझीच लेक वाचून दाखवणार, म्हातारा बटणाने मोजायचा म्हणून.

लेक: नाव नाही घालणार मी.

बाप: मोजणारा एकटा मीच होतो. नाव कशाला हवंय?

लेक: मग काय करू, सांगा. गप्प बसले तर चोर सोडून संन्याशाला फाशी. लिहिलं तर तुमची शोभा. दोन दिवस हेच डोक्यात चाललंय. दमले मी बाबा.

बाप: जेवलीस का?

लेक: नाही.

बाप: वाईट वाटतंय मला, लपवू कशाला. या एका कामात तरी कुणी बोट ठेवणार नाही असं वाटायचं. पण माझी पाठ वाकली म्हणून टेकडी कापली, हे नाही सोसायचं. तुझ्या साहेबाला पटेल हे?

लेक: पूर्वी बटण कुठे होतं आणि आता कुठे आलंय, ते मोजून दाखवलं तर पटेल. त्या हिशोबाने जुने आकडे दुरुस्त करता येतात.

बाप: ड्युटीचा शर्ट खालच्या कप्प्यात असेल. आण. टेप पण आण.

(लेक शर्ट आणते. बाप सावकाश बटणं लावतो आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहतो.)

बाप: इथेच उभी करायचो तुला, दर वाढदिवसाला. टाचा उचलायचीस, लबाड.

लेक: हलू नका.

बाप: ताठ उभा राहू ना?

लेक: नको बाबा. रोज असता तसेच राहा.