आकडा आपला, दोर त्यांचा

जमलेली सगळी मंडळी, आप्पांच्या घरची माणसं, आयाबाया, आणि मागं खांबांना टेकून उभी असलेली माझ्या वयाची पोरं. सगळ्यांना नमस्कार. मागच्या पोरांना जरा जास्तच.

आधी एक खरं सांगतो. हे लिहायचं मी टाळत होतो. सरपंच म्हणाले, "तू शिकलेला न्हाईस, पण फिरलेला हायस. आन् दोन्ही काठांचा हायस. तू बोल." मी हो म्हणालो आणि तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला निघून गेलो. काम काही नव्हतं. नुसता मेथीच्या पेंढ्या बघत फिरलो. दुसऱ्या दिवशी गाडीला पंक्चर नव्हतं तरी पंक्चरवाल्याकडं जाऊन बसलो. शेवटी आज सकाळी आईनं चहाच्या कपाखाली कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, "मेलेल्या माणसाला थांबवून ठिवू नये."

म्हणून लिहिलं. वाकडंतिकडं असंल. सांभाळून घ्या.

बबनआप्पांबद्दल काय बोलू? देवमाणूस होते असं म्हणायची पद्धत आहे. पण आप्पा देवमाणूस नव्हते. तुम्हीही हसताय, काकी, म्हणजे तुम्हालाबी ठाऊक आहे. आप्पा शिव्या द्यायचे. लंगडत लंगडत यायचे, पारावर बसायचे आणि पहिली शिवी नदीपलीकडं हाणायचे. मग चहा. मी गावात आलो की हाक ठरलेली, "काय रं भटक्या, ह्या खेपंला कुठली एस्टी दमवून आलास?" मी सांगायचो, पाटसला होतो, कारखान्याच्या सीझनला. ते म्हणायचे, "दौंड तालुक्यात? त्या लोकांची साखर खाऊन आलास व्हय? चूळ भर आधी."

असे आप्पा. गावात पलीकडच्या काठाचा सगळ्यात मोठा वैरी कोण, तर आप्पा. आणि दोन्ही काठ वाचवताना गेलं कोण? तर आप्पाच. हे मला कागदावर नीट जुळवता आलं नाही. तुम्हाला जुळलं तर मला सांगा.

आता बाहेरगावचे पाहुणे आलेत, आणि लहान पोरांनाबी धड माहिती नाही, म्हणून थोडं मागचं सांगतो. अलीकडं आपण, शिरूर तालुका. पलीकडं ते, दौंड तालुका. मधी भीमा. भीमेवर बंधारा. बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी ढापे बसवायचे, पाणी अडवायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला ते ढापे काढायचे. नाही काढले तर पुराला वाट मिळत नाही. मग तो बंधाऱ्याला वळसा घालतो आणि काठ खातो. एवढंच शास्त्र. ह्यात न कळण्यासारखं काय आहे?

पण जुन्या माणसांनी एक रीत लावली होती. ढापा एकट्यानं काढायचा नाही. एकानं आकडा अडकवून ओढायचा, दुसऱ्यानं त्याच्या कमरेचा दोर धरायचा. आणि नियम असा, की आकडा एका गावचा, दोर दुसऱ्या गावचा. आपला माणूस पाण्यावर वाकला, तर त्याचा जीव पलीकडच्या माणसाच्या हातात. का? तर कुणी चलाखी करू नये. आपल्या बाजूला पाणी जरा जास्त राहू दे म्हणून कुणी ढापा मागं ठेवू नये.

आप्पा आकड्यावर असायचे. दोर गेनबामामांच्या हातात. होय, तेच गेनबामामा. पलीकडचे. दोघं एकाच तालमीत खेळलेले. आप्पा एकदा रंगात आले तवा सांगत होते. दोर बांधला की हे म्हणायचे, "गेन्या, सोडलास तर भूत होऊन तुझ्या म्हशींचं दूध आटवीन." आणि गेनबामामा म्हणायचे, "तुझं धूड सोडलं तर बंधाराच वाहून जाईल. गप ओढ."

मग भांडण कसं झालं? मी दोन्हीकडं विचारलंय. माझी आई पलीकडची, त्यामुळं तिकडचं अख्खं गाव माझं मामा. मला कुणी मारत नाही. आपण सांगतो, त्या वर्षी आपला आकडेवाला गेला होता, दोर धरायला त्यांचं कुणी आलं नाही. ते सांगतात, आम्ही दोर घेऊन बसलो होतो, आकडेवाला आला नाही. दोन्ही गावं म्हणतात, आम्ही वाट बघत बसलो. म्हंजी दोघंही आपापल्या टोकाला बसून राहिले की काय? देवाला ठाऊक. पूर आला. त्यानं आपला काठ खाल्ला. आप्पांचं सगळं रान गेलं, आणि तो गाळ पलीकडं जाऊन मळई झाली. पुढच्या साली त्या मळईवर त्यांनी ऊस लावला. आप्पा रोज ह्या काठावर बसून आपल्या मातीत दुसऱ्याचा ऊस वाढताना बघायचे. तुम्ही काय केलं असतं?

काठ्या निघाल्या. आप्पांचा पाय गेला. गेनबामामांचा उजवा हात वाकडा झाला. दोराचा हात.

त्यानंतर रीत मोडली. गावकीनं ठरवलं, एकत्र नको, पाळी लावू. एक साल आपण, एक साल त्यांनी. सगळ्यांना वाटलं, चला, मिटलं. मला विचाराल तर खरं भांडण तिथून सुरू झालं. डोकी फुटली ती टाके घालून बरी झाली. पण त्या दिवसापासून एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात राहिला नाही, आणि कुणाला कुणाची गरज उरली नाही.

सोयरीक बंद झाली. माझ्या आईचं लग्न हे ह्या दोन गावांतलं शेवटचं. घाटावर धुणं धुताना तिला माहेरच्या म्हशी ओळखू येतात. तिचा भाऊ गोठ्यात शिरताना दिसतो. हाक मारली तर ऐकू जाईल. मारत नाही. आणि पोरं? आपली पोरं तिकडचं कुणी दिसलं की "मळईचोर" म्हणतात. का म्हणतात, विचारा त्यांना. सांगता येणार नाही.

मी एकदा इनामगावला गेलो होतो, घोडनदीच्या काठाला. जायचं होतं न्हावऱ्याला, पण जीपमध्ये एक म्हातारा भेटला आणि त्याच्याबरोबर उतरलो. तिथं हजारो वर्षांपूर्वीचं गाव सापडलंय. म्हातारा म्हणाला, त्या लोकांनीबी पाट काढला होता, पुरासाठी बांध घातला होता. मी त्या पांढरीवर, जुन्या गावाच्या टेकाडावर, उभा राहून विचार करत बसलो, ह्यांच्यात पाळी कुणाची असंल? कोण वाट बघत बसलं असंल? आता कुणी सांगायला नाही. खापरं आहेत नुसती...

कोण म्हणालं, मुद्द्यावर ये? व्हय आबा. येतो.

अजून एकच. रांजणगावला कंपनीत होतो तवा माझ्या खोलीत ईशान्येकडचा एक पोरगा होता. गप्प असायचा. त्याच्या मुलखात लई वर्षं धुमसतंय. गावं जळाली, त्याचं घरबी गेलं. मी त्याला आपल्या बंधाऱ्याची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "भाई, हमारे यहाँ भी पहले सबको याद था कि झगड़ा किस बात का है." मग कूस बदलून झोपला. मला मात्र झोप लागली नाही.

आता त्या दिवसाचं.

धरणातून पाणी सोडणार म्हणून निरोप आला. देवळाच्या भोंग्यावर पुकारलं. ढापे आत होते. आपण म्हणालो, यंदा त्यांची पाळी. ते म्हणाले, यंदा तुमची. आणि दोघंही खोटं बोलत नव्हते, मंडळी! मधलं एक साल कोरडं गेलं. नदीला पाणीच आलं नाही, ढापे बसवलेच नाहीत, तर काढायचे काय? ते साल पाळीत धरायचं की सोडायचं? आपण धरलं. त्यांनी सोडलं. बस्स. एवढ्यावर माणूस गेला.

मी पारावर होतो. इकडून फोन, तिकडून फोन. आप्पा चहा पीत होते. मी म्हणालो, "आप्पा, तुमच्या मते पाळी कुणाची?" आप्पांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "पाळी गेली चुलीत. पाणी काय पाळी इचारून येतंय व्हय?" आणि उठले. मला वाटलं घरी निघाले. जाता जाता म्हणाले, "ढापे काढतो आन् मग दोन्ही गावांच्या तोंडावर थुकतो."

लोक म्हणतात, स्वतःचं रान वाचवायला गेले. कुठलं रान? त्यांचं काठाला काय राहिलं होतं? आप्पा भलेपणानं गेले, असंबी मी म्हणत नाही. रागानं गेले असतील. पण गेले. आकडा घेऊन गेले. दोर धरायला कुणी नव्हतं.

त्यांनी काढलेल्या गाळ्यांतून पाणी गेलं. आपला काठ राहिला. त्यांची मळईबी राहिली.

आप्पा बंधाऱ्याच्या खाली सापडले, पलीकडच्या पाणी उपसायच्या मोटारींच्या पाइपांत अडकलेले. आणि तिथंबी, मंडळी, तिथंबी आपण भांडलो. प्रेत कुणाच्या काठाला लागलं? ते म्हणाले, मधी आहे, तुमचं तुम्ही काढा. आपण म्हणालो, तुमच्या पाइपात आहे, तुम्ही काढा. दोन्ही काठांवर माणसं उभी आणि मधी आप्पा. शेवटी आपल्या बौद्धवस्तीतला सुनीलदादा पाण्यात उतरला. बाहेर आल्यावर तो एकच वाक्य बोलला, ते मी इथं बोलणार आहे, राग आला तर येऊ द्या. तो म्हणाला, "आमची मळई न्हाई, आमची पाळी न्हाई. आन् तुमची मढी काढायला मातर आम्ही."

 

आता मागच्या पोरांनो. हे तुमच्यासाठी आहे. काल चावडीमागं काय ठरलंय ते मला माहीत आहे. ही सभा उठली की पलीकडच्या मोटारी नदीत ढकलायच्या. पाइप तोडायचे. कुणी आडवं आलं तर बघून घ्यायचं. "आप्पांना त्यांनी मारलं." हेच ना? मग माझं ऐका. आप्पांना त्यांनी मारलं असंल तर तेवढंच आपणबी मारलंय. आज तुम्ही गेलात तर उद्या ते येतील. मग तुमच्यातला एक जाईल, त्याची शोकसभा इथंच होईल, आणि सरपंच परत मलाच म्हणतील, तू बोल. मी नाही बोलणार. मला असली भाषणं लिहायची सवय नको आहे.

मी काय मागतोय? मैत्री करा म्हणत नाही. मळई परत मिळेल असंबी म्हणत नाही, ती गेली. एवढंच म्हणतोय की आज जाऊ नका. आप्पांच्या नावानं जाऊ नका. पुढच्या साली ढापे काढायला...

काय झालं?

ऐका. थांबा जरा. मागं काय गडबड हाय? माइकवरनं मला दिसत न्हाई... कोण आलंय?

गेनबामामा?

व्हय. गेनबामामाच हायेत. दारात उभे हायेत. एकटे. धोतर मांडीपर्यंत भिजलंय, म्हंजी पुलावरनं न्हाई, बंधाऱ्यावरनं चालत आलेत ह्या वयात. हातात काय न्हाई त्यांच्या. मी इथनं बघतोय, हातात काय न्हाई.

ए, सागर! वाट सोड त्यांची. बसा रं. बसा सगळे... सरपंच, तुम्ही तरी...

न्हाई. थांबा. बसू नका. उठलाच हायत ना सगळे? तर मग उभेच राहा. पोरांनो, आहे तिथंच उभे राहा. मला आता कागदाची गरज न्हाई. ह्या सभेत शेवटी आप्पांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं होतंच. ते आता राहू.

मामा, या. आत या. चपला तिथंच राहू द्या. आप्पांच्या फोटोसमोर नको यायला, ह्या पोरांच्या शेजारी उभे राहा. सागर, सरक जरा. त्यांना जागा दे.

हात खाली सोडा सगळ्यांनी. कुणी बोलू नका. मान खाली घाला.

आणि डोळे मिटा. एकमेकांच्या शेजारी डोळे मिटायला भ्या वाटत असंल, मलाबी वाटतंय. तरीबी मिटा.

आप्पा, आम्ही उभे हाय.