धर्माबुवांचा खोकला

रघू : बुवा, त्याला सांगा, प्लायवूडच्या भोकातून वायर अजून आत ढकल म्हणावं. बोटभर कमी पडतेय.

बुवा : आणि तू तेका थेट सांगलंस तर जीभ झडतली तुझी?

रघू : आम्ही बोलत नाही.

बुवा : ता माका दिसता. राजारामा, तुझो भाऊस म्हणता, वायर ढकल.

राजाराम : ऐकलं मी. प्लायवूड आहे, सह्याद्री नाही. त्याला सांगा, वायर कमीच पडणार. ती कापलेली आहे.

(लालबागमधली चाळ, दुसरा मजला, साल २००८. खोलीच्या मधोमध प्लायवूड ठोकलेलं. अलीकडे थोरला राजाराम आणि वडिलांचं, म्हणजे कैलासवासी धर्माबुवांचं, सोळा चॅनलचं जुनं मिक्सर. पलीकडे धाकटा रघू आणि त्याचा कम्प्युटर. दारं दोन, गॅलरी एक. त्या गॅलरीत, दोन दारांच्या बरोबर मध्ये, गावाहून आलेले भजनी सीताराम बुवा हातात माईक घेऊन खुर्चीवर बसले आहेत आणि आपण का आलो याचा त्यांना पश्चात्ताप होतो आहे.)

बुवा : कापल्यान कोणी?

राजाराम : मामांनी. वाटणीच्या दिवशी. सगळ्याचं निम्मं-निम्मं करायचं म्हणाले. मिक्सर मला आला, कम्प्युटर त्याला. मग दोघांना जोडणारी वायर तेवढी उरली. ती मामांनी अडकित्त्याने मधोमध कापली.

बुवा : आणि तुम्ही दोघां बघीत रवल्यात?

रघू : मी नाही बघत राहिलो. मी मोजून घेतली. त्याच्याकडे दोन इंच जास्त गेली.

राजाराम : त्याला सांगा, जोडायची असेल तर सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे आहे.

रघू : आणि सोल्डरची तार माझ्याकडे.

बुवा : ही पण वाटणी?

राजाराम : मामा न्यायाला पक्के.

बुवा : अरे मेल्यांनो, सोमवारी परळाक माझ्या गळ्याचा आपरेशन हा. डाक्टर म्हणता, जीव रवात, आवाजाचा काय सांगूक येवचा नाय. माझ्या गळ्यात आजचो एक दिवस हा. आणि तुम्ही माका टपालपेटयेसारखो गॅलरीत बसवल्यात.

राजाराम : गॅलरी सामायिक आहे, बुवा. तुम्ही एकाच्या घरात बसलात तर दुसऱ्याचा अपमान होतो.

बुवा : दुसऱ्या खयच्याय स्टुडिओत गेलो असतंय. पण त्या लबाडाची कॅसेट तुमच्याकडे हा.

राजाराम : बाबांना लबाड म्हणायचं नाही.

रघू : बाबांना लबाड म्हणायचं नाही.

बुवा : एका वक्ताक बोला नको. चाळीक वाटात तुमचा जमता.

रघू : पण लबाड कशाला? बारी ते जिंकले होते. अख्खं लालबाग सांगतं.

बुवा : लालबागाक काय म्हायत? तू पाळण्यात होतंस. आयक. पूजेची डबलबारी. तुझो बापूस एका बाजूक, मी दुसऱ्या. एका बुवान गाण्यातून सवाल टाकूचो, दुसऱ्यान आपल्या बारीत तेचो जवाब देवचो. जवाब नाय तर हरलो. तुझ्या बापसान कर्णाचो सवाल टाकल्यान. 'चाक गिळलं धरणीनं, कर्ण उतरला खाली, रथा जुंपल्या घोड्यांनी तेव्हा...' आणि खोकलो. आणि तेच टायमाक गिरणीत तिसऱ्या पाळीचो भोंगो. घोड्यांनी तेव्हा काय केला, ता माका आयकाक इला नाय.

रघू : परत विचारायचं.

बुवा : इचारलंय. लोक ओरडले, जवाब येणा नाय म्हणान टायम काढता. हरलो, हरलो. चार दिसांनी संप झालो. मग खयची बारी आणि खयचो मृदंग. तुझो बापूस आर्केस्ट्र्यात साउंड करूक लागलो, मी गावाक गेलंय. सव्वीस वर्सां मी ते घोडे शोधतंय. एका शास्त्र्याक इचारलंय, तो म्हणालो, कर्णाचा काय ता इचारा, घोड्यांचा कित्याक? जत्रेक गेलंय तर पोरां माका बघून खोकतत.

राजाराम : ते मी पण ऐकलंय. कणकवलीत.

बुवा : तू पण खोकललंस?

राजाराम : मी मोठा होतो तेव्हा. हळू खोकलो.

बुवा : म्हणान माका आज घोडे व्हये. ओळ पुरी आयकतंय, जवाब गातंय, सोमवारी गळो काय व्हायचा ता होवंदे.

रघू : त्याची तयारी मी केव्हाच केलीय, बुवा. वायर फक्त तुमच्या माईकसाठी, ओळीला त्या मिक्सरची गरजच नाही. कॅसेटची कॉपी कम्प्युटरमध्ये घेतली होती, ती सॉफ्टवेअरमध्ये टाकून साफ केली. भोंगा काढला, पब्लिक काढलं, टेपची खरखर काढली. लावतो. ऐका.

बुवा : ... परत लाव.

रघू : स्वच्छ आहे ना?

बुवा : ह्यो कोण?

रघू : बाबा.

बुवा : ह्यो धर्मा नव्हे. ह्यो रेडिओवरचो कोण तरी भटजी वाटता. धर्मा आयुष्यात एवढा सलग गावक नाय. आणि माझी ओळ खय हा? घोड्यांच्या फुडे नुसती पोकळी.

रघू : तिथे खोकला होता. तो पण काढला. खाली काही सापडलं नाही.

राजाराम : काय काढला?

रघू : सांगा त्याला, खोकला.

राजाराम : बुवा, त्याला विचारा, बाबांचा खोकला काढायचा अधिकार त्याला कोणत्या वाटणीत मिळाला.

रघू : त्याला सांगा, दहावीचा अभ्यास मी त्या खोकल्यावर केलाय. गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातला कापूस होता तो. गिरणी बंद पडली तरी कापूस काय बाबांच्या छातीतून बाहेर आला नाही. रात्रभर तेच. मला तो पुन्हा ऐकायचा नव्हता. कम्प्युटरमध्ये बटण होतं, दाबलं.

राजाराम : रात्री उठून पाणी कोण देत होतं, तेही सांगा म्हणावं.

रघू : तू देत होतास. माहितीय मला. तू पाणी देत होतास म्हणून बाबांनी मिक्सर शिकवला तुला, आणि मला म्हणाले, तू आपला अभ्यास कर. झालं समाधान?

बुवा : आता थेट बोललंस.

रघू : चुकून.

राजाराम : बुवा, मूळ कॅसेट माझ्याकडे आहे. त्या रात्री दोन माईक होते. कॅसेटच्या डाव्या बाजूला बाबांचा आवाज, उजव्या बाजूला मृदंग. ह्या शहाण्याने दोन्ही एकत्र कालवले आणि मग साफसफाई केली. भात-आमटी कालवल्यावर भात धुऊन मिळतो काय? आधी मिक्सरवर वेगळं करायचं.

रघू : त्या मिक्सरमधून नुसती घूं येते.

राजाराम : घूं काढायला तो आहेच ना. काढायचंच शिकलाय.

बुवा : माका एक सांगा. कॅसेट ह्याच्या मशीनीतून जावची, तेच्या कम्प्युटरात पोचूची, तरच ओळ मेळात. बरोबर?

राजाराम : तसं म्हणता येईल.

रघू : नाइलाजाने म्हणता येईल.

बुवा : मग ती सोल्डरची तार घाल भोकातून.

रघू : सांगा त्याला, धरलंय मी माझं टोक. पटकन लाव.

राजाराम : सांगा त्याला, हलवू नको म्हणावं.

बुवा : मी सांगूचंय नाय. मी आता मुको. सोमवारची सवय करतंय.

राजाराम : ...हलवू नको.

रघू : भाजलं.

राजाराम : भाजू दे.

रघू : मुद्दाम लावलंस.

राजाराम : मुद्दाम लावलं असतं तर बोट सुटलं नसतं तुझं. दुसरी तार धर. लाल. लाल म्हटलं, ही काळी आहे.

रघू : भोकातून रंग दिसत नाही.

राजाराम : तरी मामांना सांगत होतो, भोक मोठं ठेवा.

रघू : मीच नको म्हटलं होतं.

राजाराम : माहितीय. झालं. कॅसेट लावतोय. बघ येतंय का तुझ्या त्या पडद्यावर.

रघू : येतंय. दोन्ही येतायत. खोकला बाबांच्या माईकवर जोरात आहे, मृदंगाच्या माईकवर कमी असेल, म्हणून डावा फेडर खाली घे.

राजाराम : घेतला.

रघू : पूर्ण.

राजाराम : पूर्णच घेतलाय. उजवा वर करतो. मृदंग मिळतोय?

रघू : मिळतोय, पण लांब आहे. खरखर खूप.

राजाराम : ट्रेबल मारतो, खरखर बसेल.

रघू : नको. शब्द ट्रेबलमध्येच असतो, तो राहू दे. खरखर मी बघतो. तू नुसता आवाज वाढव. गेन दे.

राजाराम : लाल दिवा लागेल.

रघू : तुझ्याकडे लागू दे. मिक्सरला लाल लागला तर तो जरा घोगरा होतो, बाबांसारखा. माझ्याकडे लाल लागला तर आवाज तुटतो. तू तिकडे चढव, मी इकडे उतरवतो.

राजाराम : हे तुला कोणी शिकवलं?

रघू : कोणी नाही. तू बाबांकडून शिकत होतास तेव्हा बाजूला अभ्यास करत होतो ना.

राजाराम : ...घोडे आले. आता बघ.

रघू : थांब. तेवढेच चार सेकंद कापून घेतो. खरखर काढली. वाढवतो. बुवा, आत या, स्पीकर इथे आहे.

बुवा : ह्याच्या अपमानाचा काय?

राजाराम : जा हो.

रघू : लावतो.

बुवा : परत लाव. हां, अजून एकदा.

राजाराम : काय म्हणाले? मला इकडे नीट आलं नाही. रघू, काय म्हणाले बाबा?

रघू : मृदंगवाल्याला म्हणतायत. 'पुढचा इसारलंय रे. तू वाजयत ऱ्हव.' आणि मग खोकतायत.

राजाराम : परत लाव.

रघू : तीनदा लावलं, दादा. तेच आहे. घोड्यांच्या पुढे काही नाही. ओळ विसरले, आणि खोकले.

राजाराम : म्हणजे खोकला खोटा.

रघू : पण तो आजार...

राजाराम : तेव्हा खोटा होता. नंतर खरा झाला.

बुवा : मृदंगवालो मगे जोरात वाजवूक लागलो. माका वाटला, धर्मा माका दयेन टायम देता. मी त्या दयेचो पण राग धरलंय. सव्वीस वर्सां.

रघू : बुवा, पण तुम्ही हरलाच नव्हता. सवालच पुरा नव्हता. मी ह्याची सीडी करतो. आधी खोकल्यासकट, मग हे साफ केलेलं. मंडळात लावू, गावाला पाठवू. जत्रेत कोण खोकतो बघू.

राजाराम : सीडी केलीस तर प्लायवूड फोडून येईन तिकडे.

रघू : ये ना. खरं आहे ते.

राजाराम : खरं असेल. आमच्या बापाने आयुष्यात एकच गोष्ट जिंकलीय. गिरणी गेली, संप गेला, छाती गेली. ती एक बारी राहिली. मयताला आलेला प्रत्येक माणूस तेच बोलला, कर्णाच्या घोड्यांवर बारी मारली होती धर्माने. तेवढं पण काढतोस? बटण आहे म्हणून?

रघू : आणि बुवांचं काय? ह्यांनी काय केलं होतं? ते कर्णाचे घोडे शोधत म्हातारे झाले.

राजाराम : बुवा, त्याला सांगा...

बुवा : गप रव. दोघांय. तेचो निवाडो मामा करूचो नाय, मी करतलंय.

रघू : करा. तुमचाच हक्क आहे.

बुवा : ही कुजबूज लोकांका आयकवलंस, तर लोक काय म्हणतले? सीताराम बुवा जिंकलो?

रघू : म्हणणारच.

बुवा : नाय. म्हणतले, सीताराम बुवा सव्वीस वर्सां एका इसरभोळ्याबरोबर भांडत होतो. माझो वैरी मोठो होतो म्हणान मी हरलंय, ह्या चलता माका. तो ओळ इसारलो आणि मी तेचे घोडे शोधीत शास्त्र्याकडे गेलंय, ह्या माका चलाचा नाय. तेच्याबरोबर माझी पण अब्रू जाता.

राजाराम : बुवा...

बुवा : तू उपकार मानू नको. तुझो बापूस लबाडच होतो.

राजाराम : बरं.

बुवा : रघू, तो खोकलो खय काढून ठेवलंस?

रघू : आहे. कॉपी आहे, पुसला नाही.

बुवा : होतो थय परत घाल. भोंग्यासकट. आणि ती कुजबूज पुसून टाक. माझ्यासमोर पूस.

रघू : नक्की?

बुवा : थांबलंस कित्याक? दाब बटण. तुका आवडता दाबूक.

रघू : ...पुसली.

राजाराम : कॅसेटवर अजून आहे.

बुवा : ती तुझ्या वाटणीक इली हा. तू सांभाळ. आता माका भायर गॅलरीत बसव आणि माईक दी. सवाल लावा, खोकल्यापर्यंत. तेच्या फुडे मी गातंय.

रघू : पण बुवा, सवाल पुरा नाहीच. जवाब कशाचा देणार?

बुवा : तेका घोड्यांचा सुचला नाय. माका आताच सुचला. राजारामा, माझो आवाज येता?

राजाराम : येतोय. थोडा घोगरा आहे.

बुवा : ऱ्हवंदे. रघू, तुझ्याकडे?

रघू : दादा, अजून जरा चढव. हं. येतोय. रेकॉर्डिंग चालू.

बुवा : मगे आता कोणी बोला नको.

राजाराम : सवाल सोडतोय. घोडे... खोकला... भोंगा. घ्या, बुवा.

बुवा : 'चाक गिळलं धरणीनं, कर्ण उतरला खाली. धर्मा, तुझे घोडे तिथंच उभे होते रे. जुंपलेले होते, जातील कुठं?'